पिवळ्या फडक्याची गाडी

मोटारसायकलींचा ताफा घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण दाखवायचा धंदा मी केला, असं सांगितलं की समोरचा हटकून म्हणतो, "म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या पुढे असणार." नाही हो. पुढे इस्माईलभाई असायचा. मी सगळ्यात मागे. ताफ्यातली शेवटची गाडी माझी, आणि ती ओळखू यावी म्हणून तिच्या हँडलला एक पिवळं फडकं बांधलेलं असायचं. समुद्र, सुपारीच्या बागा, सूर्यास्त हे सगळं मी पाहिलं, पण लोकांच्या पाठींवरून. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढे जायला रस्ता माहीत असला की पुरे. मागे राहायला माणसं कळावी लागतात, असं मी इस्माईलभाईला तोंडावर सांगायचो आणि तो म्हणायचा, "तू मागंच बरा. पुढं असलास तर बडबडीनं लोकांना झोप येईल."

मी मूळचा कोरेगावकडचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो तेव्हा वाशीला सेक्टरांचे नंबर होते, पण माणसं अजून यायची होती. कारखाना सोडून मी तिथेच मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं. इस्माईलभाई श्रीवर्धनच्या बाजूचा, ट्रक चालवायचा. स्वतःची जुनी बुलेट माझ्याकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि बिलाऐवजी सुक्या बोंबलांचं गाठोडं ठेवून जायचा. ऐंशी साल उलटल्यावर वाशीत सोसायट्या भरल्या, बँकवाले आले, इंजिनिअर आले. त्यांच्याकडे येझदी होत्या, राजदूत होत्या, पण गाडी जायची कुठे, तर मार्केटपर्यंत भाजी आणायला. अशाच एका गिऱ्हाइकाने इस्माईलभाईला विचारलं, "तुमच्या गावाला गाडीने येता येईल का हो?" आणि नसता उद्योग सुरू झाला.

त्या काळी वाशीहून श्रीवर्धनला किनाऱ्याने जायचं म्हणजे पनवेल, पेण, अलिबाग, मग मुरूड, आणि पुढे राजपुरीची खाडी. आगरदांड्याला गाड्या लाँचवर चढवायच्या आणि पलीकडे दिघीला उतरवायच्या. आता खाडी आली म्हणजे भरती-ओहोटी आली. पाणी नसेल तर लाँच धक्क्याला लागत नाही आणि मोटारसायकल काही चिखलातून डोक्यावर नेता येत नाही. म्हणून आमच्या सहलीची तारीख मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारून ठरवायचो. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "पुनवेला नायतर अवसेला ये. दुपारच्याला भरती भेटंल." झालं. आमच्या सहली पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपासच्या रविवारी निघू लागल्या. पौर्णिमेला कोणाची तक्रार नसे. अमावस्या म्हटली की घरोघरी टेन्शन. एका बँकवाल्याच्या सासूबाई गॅरेजवर येऊन मला म्हणाल्या, "अवसेला कोणी नवी गाडी बाहेर काढतं का?" मी म्हटलं, "मावशी, नवी कुठली, तुमच्या जावयाने दोनदा आपटून तिला जुनी करून ठेवलीय." जावई त्या सहलीला आला. सासूबाईंनी गाडीला लिंबू-मिरची बांधून दिली होती.

लाँचवर गाडी चढवणं हे एक काम होतं. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, फळीवरून पुढचं चाक न्यायचं, एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने मागून ढकलायचं. फळीवर पाय ठेवल्यावर थांबायचं नाही आणि खाली पाण्याकडे बघायचं नाही. लाँचमध्ये गाड्या स्टँडवर लावत नाहीत, कारण लाट आली की स्टँड घसरतो. एकमेकींना टेकवून, मध्ये गोणपाट घालून, काथ्याच्या दोरीने सगळ्यांची एक मोळी बांधायची. स्वतःच्या गाडीला घरात कोणाला हात लावू न देणारी माणसं त्या वेळी देवाचं नाव घेत कठड्याला धरून उभी असत. माझ्या हातून एकही गाडी पाण्यात गेली नाही. हे लिहिताना आजही बरं वाटतं.

आता मागे असण्याबद्दल. पाठीमागून माणूस लपत नाही. ज्याचा ब्रेकचा दिवा सारखा लागतो तो घाबरलाय. ज्याचे खांदे कानाला लागलेत तो दमलाय, पण बोलणार नाही. सायलेन्सरमधून निळा धूर आला की समजावं, घरून निघताना ऑइल बघितलेलं नाही आणि मला मात्र "सर्व्हिसिंग करून आणलीय" म्हणून सांगितलंय. एक नवं जोडपं होतं. पेणपर्यंत बायको नवऱ्याच्या पाठीला चिकटून बसलेली, अलिबागला दोघांच्या मधून हवा खेळायला लागली, आणि रेवदंड्याला ती गाडीवरून उतरून माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, मी तुमच्या गाडीवर बसते. त्यांना एकट्यालाच सगळं येतं." मी बसवली. नवरा काशीदपर्यंत रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होता. शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली आणि माफी मागितली. ती मान्य करायच्या आधी तिने माझ्याकडून गाडीचे गिअर कसे टाकतात ते शिकून घेतलं. परतीच्या वाटेवर थोडा वेळ गाडी तिने चालवली आणि तो मागे बसला.

आमचे नियम थोडे होते. सगळ्यात हळू चालवणारा इस्माईलभाईच्या लगेच मागे, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याच्या वेगाने ठरेल. समुद्र बघायचा असेल तर गाडी थांबवून बघायचा. आणि सगळ्यात मोठा नियम फाट्याचा. रस्त्याला फाटा फुटला की आधी सांगून ठेवलेला माणूस तिथे थांबायचा. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवायचा. पिवळं फडकं दिसेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. मी आलो की तो माझ्यापुढे सुटायचा आणि मी शेवटी. म्हणजे ताफा कितीही लांबला तरी माणूस चुकत नाही. गावातलं कोणी येऊन "तुमचे सगळे गेले पुढं" असं सांगेल, ते चांगल्या मनाने सांगेल, तरी हलायचं नाही. फक्त पिवळं फडकं. हे मी निघताना सगळ्यांकडून वदवून घ्यायचो.

हा नियम ज्याला अजिबात मानवला नाही तो बाळासाहेब गव्हाणे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला अडत्या, मूळचा जुन्नरकडचा. काळी बुलेट, भारदस्त देह, आणि थांबणं म्हणून माहीत नाही. गॅरेजवर चहा आला तर बशीत ओतून उभ्या उभ्या प्यायचा. "कांदा थांबत नाय नाना, सडतो," असं मला म्हणायचा (सगळ्यांचा मी नानाच), आणि तोच हिशेब माणसांनाही लावायचा. पहिल्याच सहलीला मी त्याला दिघीच्या पुढच्या फाट्यावर थांबायला सांगितलं. तिथे एक रस्ता श्रीवर्धनकडे जातो आणि दुसरा म्हसळ्याकडे आत वळतो. तो हसत म्हणाला, "मी काय मैलाचा दगड हाय का?" पण थांबला. म्हणजे मला तसं वाटलं.

त्या दिवशी मागे एका गाडीचं चाक पंक्चर झालं आणि मी ते काढत बसलो. पेठेसाहेब पुढे गेले. हे एका बँकेतले अधिकारी, पन्नाशी उलटलेले. बायको गेल्यावर एकटे पडले होते, मुलाने आग्रह करून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. पंक्चर काढून मी फाट्यावर आलो तर गव्हाणे जागेवर नाही. श्रीवर्धनला पोहोचलो, तर गव्हाणे तिथे शहाळं पीत बसलेला आणि पेठेसाहेब नाहीत. मी तसाच उलटा फिरलो. दिवस कलताना म्हसळ्याच्या वाटेवर, झाडीतल्या एका वळणावर ते सापडले. पेट्रोल संपत आलेलं, म्हणून गाडी बंद करून दगडावर बसले होते. मला पाहून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही मला विसरलात." राग असता तर बरं झालं असतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सवय होती. घरी गेल्यावर त्यांनी मोटारसायकल विकली. त्या माणसाला आम्ही बाहेर काढायला निघालो होतो आणि पुन्हा आत ढकलून आलो, याची टोचणी मला आजही आहे.

गव्हाण्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही आता आमच्याबरोबर यायचं नाही." तो म्हणाला, "म्हातारा चुकला, त्याला मी काय करू? किती वेळ उभं राहायचं उन्हात?" पण दुसऱ्या आठवड्यात तो गॅरेजवर आला. बुलेटला काही झालेलं नव्हतं. उगाच क्लच दाबून बघत उभा राहिला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. बरेच दिवस असं चाललं. मग एकदा त्याने विचारलं, "पेठेसाहेब कुठं राहतात?" मी पत्ता दिला. ते कोणाला भेटत नाहीत, हेही सांगितलं. तो जाऊन आला. दारातून परत पाठवलं असणार, कारण तोंड उतरलं होतं. म्हणाला, "नाना, एकदा न्या मला. त्याच फाट्यावर उभा करा." इस्माईलभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "ने की. मानूस आपनहून जागा मागतोय." मी नेलं, पण मनातून मला खात्री नव्हती. त्याचा स्वभाव काही मी दुरुस्त केला नव्हता, आणि पुन्हा कोणी चुकलं असतं तर मी हे काम बंद करणार होतो. तसं मी इस्माईलभाईला बजावलंही होतं.

अमावस्येच्या आसपासचा रविवार. भरती वेळेवर मिळाली, लाँच लागली, गाड्या दिघीला उतरल्या. इस्माईलभाई ताफा घेऊन पुढे गेला. सगळ्यात शेवटी, माझ्या पुढे, सावंत म्हणून एक तरुण ड्राफ्ट्समन होता. दिघी सोडून थोडं पुढे गेलो असू, वळणावर समोरून म्हशी आल्या. सावंतने ब्रेक दाबला, खडीवरून येझदी घसरली आणि त्याच्या पायावर आली. गाडी उचलली तेव्हा गुडघ्याखाली पाय नको तिथे वाकलेला दिसला. पोरगा ओरडत नव्हता, नुसता घामाने निथळत होता.

माझ्याकडे जादा ट्यूब होती. ती कापून पट्ट्या केल्या, कुंपणाच्या बांबूच्या दोन कांबी घेतल्या आणि पाय बांधला. आता प्रश्न न्यायचं कुठे. म्हसळा आणि श्रीवर्धन दोन्ही लांब, रस्ता खड्ड्यांचा, एसटीचे हादरे त्या पायाला सोसले नसते. मुरूडचा सरकारी दवाखाना खाडीपलीकडे, पण पाणी उतरायला लागलेलं. आत्ताच्या आत्ता लाँच मिळाली तर ठीक, नाहीतर धक्क्यापाशी नुसता चिखल. पुढे गेलेल्यांना कळवायला ना फोन ना माणूस. म्हशीवाल्याने आपली बैलगाडी जुंपली. तेवढ्यात श्रीवर्धनला जाणारी एसटी आली. मी हात करून थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, "फाट्यावर एक काळ्या बुलेटवाला उभा असेल. त्याला सांगा, एकाचा पाय मोडलाय, नाना त्याला मुरूडला घेऊन गेले, तुम्ही पुढं व्हा." मनात म्हटलं, असेल तर सांगतील. एवढा वेळ तो थांबतोय कशाला?

येझदी म्हशीवाल्याकडे ठेवली, सावंतला बैलगाडीत घालून दिघीला आणलं आणि माझी गाडी धक्क्यावर लावली. लाँचवाल्याने सावंतला पाहिलं आणि पॅसेंजर भरायची वाट न बघता लाँच सोडली. आगरदांड्याहून टेम्पोने मुरूडला आणलं, तिथे डॉक्टर जागेवर होते. प्लास्टर झालं, ठाण्याला त्याच्या शेजारच्यांकडे ट्रंक कॉल लागला, भाऊ निघाला असं कळलं. सावंत माझा हात सोडत नव्हता. म्हणाला, "नाना, तुम्ही जा. बाकीचे खोळंबले असतील." तो पाय पुढे नीट बसला. वर्षभराने तो गॅरेजवर आला तो त्याच येझदीवरून.

परत खाडी ओलांडली तेव्हा ओहोटी लागली होती. लाँच धक्क्यापासून लांबच थांबली. बूट गळ्यात अडकवून गुडघाभर चिखलातून मी दिघीला उतरलो, पाय धुतले, गाडीला किक मारली. ऊन सरलं होतं. अंग ठणकत होतं. श्रीवर्धनला जाऊन सगळे आहेत ना बघावं, एवढंच डोक्यात होतं. फाट्याचा विचारही नव्हता.

फाट्याच्या अलीकडे एक घर आहे. तिथली म्हातारी अंगणात वाळत घातलेली मासळी उचलत होती. माझ्या हँडलचं फडकं बघून ती रस्त्यावरच आली.

"तूच का रं तो पिवल्या फडक्याचा?"

मी हो म्हटलं.

"अरं जा लवकर. तो मानूस दुपारधरना उबा हाय. बस बोलली तर बसं ना. बोलतो, जागा सोरायची नाय."

मी पुढे गेलो. गव्हाणे रस्त्याच्या मधोमध उभा होता, बुलेट बाजूला. म्हातारीने दिलेली खुर्ची तशीच झाडाखाली रिकामी होती. चेहरा उन्हाने तांबडा, डोक्याला रुमाल. माझी गाडी दिसली तसा त्याने नियमाप्रमाणे उजवा हात लांब करून मला श्रीवर्धनचा रस्ता दाखवला. जणू मला तो माहीतच नव्हता. मी गाडी थांबवली.

त्याने आधी विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"बरा आहे. प्लास्टर झालं. तुम्हाला कंडक्टरने सांगितलं नाही?"

"सांगितलं की. गाडी थांबवून सांगितलं."

"मग?"

"कंडक्टरकडं पिवळं फडकं नव्हतं."

मी विचारलं, "आणि इस्माईलभाई?"

"येऊन गेला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणला चल आता. म्हटलं, नियम नानाचा हाय, नानाच सोडवील. तो हसला आन् गेला, पोरं समुद्रात उतरत्यात म्हणून." मग रुमालाने तोंड पुसून तो म्हणाला, "येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना रस्ता दाखवला नाना. दोन बैलगाड्यांना पण दाखवला. त्यांना आपल्या घरी जायचं होतं."

मी हसलो. निरोप खरा होता, थांबायची काही गरज नव्हती, हे त्यालाही कळत होतं. तरीही जन्मात कुणासाठी न थांबलेला तो माणूस माझ्या एका शब्दावर दुपारभर उन्हात उभा राहिला होता. या कामात मला जे काही मिळालं त्यात याच्यावर काही ठेवावं असं मला आजही सापडत नाही.

तो म्हणाला, "पेठेसाहेबांना एक सांगाल का? माझं ऐकत नाहीत ते. म्हणावं, या खेपेला फाट्यावर माणूस होता."

"सांगतो," मी म्हटलं. आणि पुढे जाऊन सांगितलंही. पेठेसाहेब उठले आणि आतून दोन कप चहा करून घेऊन आले. मोटारसायकल त्यांनी पुन्हा घेतली नाही. पण त्यानंतर गव्हाणे आला की दार उघडायचं.

त्या संध्याकाळी फाट्यावर मी गाडीला किक मारली आणि नेहमीसारखं म्हटलं, "चला, व्हा पुढं."

गव्हाणे हलला नाही. माझ्या हँडलपाशी आला, पिवळ्या फडक्याची गाठ सोडली आणि ते आपल्या बुलेटच्या हँडलला बांधलं. माझ्या गॅरेजमधली ती मळकी चिंधी त्याने दोनदा ओढून नीट बसवली.

"तुमी दमलाय नाना," तो म्हणाला. "आज शेवटची गाडी माझी. तुमी व्हा पुढं."

गाडी श्रीवर्धनच्या रस्त्याला लावली. समोर कोणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता, आणि डाव्या-उजव्या वळणांतून मध्येच दिसणारा समुद्र, जो मी इतक्या वेळा येऊन असा कधी पाहिला नव्हता. सवयीने आरशात नजर गेली. त्या आरशात मी वर्षानुवर्षं धूळ आणि मोकळा रस्ताच पाहत आलो होतो. तिथे एक दिवा होता. मी वेग कमी केला तर तोही कमी करायचा. श्रीवर्धन येईपर्यंत तो माझ्या मागे होता.